जिजीने धुवायला काढलेले दार

ईरा आणि नील,

आमच्या सोसायटीच्या अगासीच्या उद्घाटनाचा व्हिडिओ तुम्ही पाहिलात, असे तुमच्या बाबाने कळवले. अगासी म्हणजे गच्ची. इतकी वर्षे सुरतेत राहून माझीही गच्ची केव्हाच अगासी झाली आहे. त्या व्हिडिओत पांढऱ्या बुटांतला जो गृहस्थ माइक हातात धरून बोलतो आहे, तो आमच्या सोसायटीचा प्रमुख. त्याचे नाव मी लिहीत नाही. त्याने ते आयतेच मोठ्या अक्षरांत पाटीवर कोरून आणले आहे. ‘कोरोनाच्या काळात माणसे घरात बसून खचत होती, तेव्हा व्यायामासाठी ही अगासी खुली ठेवण्याचा निर्णय मी घेतला,’ असे तो म्हणतो, टाळ्या वाजतात आणि व्हिडिओ संपतो. तुमच्या बाबाने त्यावर वर केलेला अंगठा पाठवला.

तो व्हिडिओ तिथे संपलेला नाही, कापलेला आहे. कापलेला भाग मी तुम्हाला लिहून पाठवते आहे. इंग्रजीत लिहिले असते तर तुम्हाला सोपे गेले असते. जन्मभर मी शाळेत तेच शिकवले. पण मराठीत लिहिले म्हणजे तुमच्या बाबाला ते मोठ्याने वाचून दाखवावे लागेल, आणि त्यानेही ते नीट ऐकावे अशी माझी इच्छा आहे. आजी सूड घेते आहे का, असे तुम्हाला वाटेल. हो, घेते आहे. ज्या बाईकडून मी तो घ्यायला शिकले, तिचीच ही हकिकत आहे.

तिला सगळे जिजी म्हणत. वयाने ती माझ्यापेक्षा लहान होती, तरी मीही जिजीच म्हणत असे. आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर, अगासीला लागून राहायची. खानदेशातून लग्न होऊन सुरतेच्या या बमरोली भागात आलेली. नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, मुलगा इच्छापोरच्या कारखान्यात. जिजीने कोणालाही कधीच माफ केले नाही, ही तिच्याविषयी सांगण्यासारखी पहिली गोष्ट. लग्नात तिच्या ताटात मांडा फाटका वाढणारी जाऊ, रांगेत पुढे घुसलेली बाई, रिक्षातून अर्ध्या वाटेत उतरवणारा रिक्षावाला, सगळे तिच्याकडे ताजे असत. ‘विसरायचं कशाला?’ ती म्हणायची. ‘फुकट मिळालेला राग आहे. टॉनिक घ्यायला दुकानात जावं लागतं.’

ती लग्नकार्यात ऑर्डरने खापरावरचे मांडे करून द्यायची. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत पसरायचा, पातळ कापडासारखा करायचा आणि तापलेल्या उपड्या खापरावर अलगद टाकायचा. तिचे दंड पैलवानासारखे होते. मांडा लांबवताना ती ओठांत काहीतरी पुटपुटायची. मला वाटे, देवाचे नाव घेते. एकदा विचारले तर म्हणाली, ‘देव कुठला, टीचर? जावेचं नाव घेते. मांडा कसा सरसर पसरतो बघा.’

लिफ्ट असूनही ती जिन्यानेच चढायची, आणि प्रत्येक पायरीवर पाय आपटून. तिचा व्यायाम तो एवढाच. एक पायरी जावेच्या नावाने, एक रिक्षावाल्याच्या. वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत सगळ्यांचा हिशेब होई आणि जिजी अगदी प्रसन्न चेहऱ्याने कुलूप उघडी. मला तो आवाज आवडत नसे. मला एकंदर आवाजच आवडत नसत.

मग एके दिवशी सगळेच आवाज बंद झाले. तुम्ही तेव्हा लहान होतात आणि तुमच्या अंगणात झोपाळा होता, म्हणून सांगते. बमरोलीत लूमची खटखट चोवीस तास असते. ती आम्हाला ऐकूही येत नाही, तुम्हाला तुमच्या फ्रिजचा आवाज येत नाही तशी. ती थांबली तेव्हा तुमचे आजोबा दचकून उठून बसले होते. ते पलसाण्याच्या मिलमध्ये डाइंग मास्टर, म्हणजे कापड रंगवणारे मास्तर होते. आयुष्यभर मोठ्या मोठ्या यंत्रांच्या मधून चाललेला माणूस. निवृत्त झाल्यावर ते संध्याकाळी कॅनॉल रोडने फिरत. रस्ता बंद झाला तेव्हा अगासीवर फिरू लागले. तोंडाला रुमाल, कोणाच्या जवळ जायचे नाही, सगळे नियमाने.

पाच-सहा दिवसांनी अगासीच्या लोखंडी दाराला कुलूप दिसले. आजोबांनी सोसायटीच्या ग्रुपवर प्रमुखाला अतिशय सभ्य शब्दांत विचारले, की सर्वांना आळीपाळीने अर्धा तास वर जाता येईल का. मजकूर मीच तपासून दिला होता. सर्वांच्या देखत उत्तर आले : ‘काकांना जीव प्यारा नसेल, आम्हाला आमच्या मुलाबाळांचा आहे. वडीलधाऱ्यांनी घरात बसून नामस्मरण करावे. नियम एटले नियम.’ ‘एटले’ म्हणजे ‘म्हणजे’. आमच्यासारखाच महाराष्ट्रातून आलेला हा माणूस. पण प्रमुख झाल्यापासून तो गुजरातीत रागवायचा आणि हिंदीत उपदेश करायचा. त्याच्या उत्तराखाली काही जणांनी हात जोडलेले टाकले. आजोबांनी फोन पालथा ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसले.

आजोबा त्या खुर्चीतून फक्त जेवायला आणि झोपायला उठत. मग जेवणही खुर्चीतच मागू लागले. मग मागेनासे झाले. दाढी वाढली. पाय सुजले. मी काही विचारले की ‘हं’ म्हणत, आणि काही दिवसांनी तेही म्हणेनात. डॉक्टर फोनवर म्हणाले, चालवा त्यांना, साखर वाढेल, आणि साखरेहून वाईट म्हणजे मन बसेल. चालवा म्हणजे कुठे? आमचा हॉल तुम्ही पाहिला आहे. तुमच्या बाबाने व्यायामाचा एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक मुलगी क्रिकेटच्या मैदानाएवढ्या खोलीत उड्या मारत होती. आजोबांनी तो फोनही पालथा ठेवला. साठीनंतर माणूस आजाराने जातो, हे मला ठाऊक होते. नुसता बसूनही जाऊ शकतो, हे मी तेव्हा डोळ्यांसमोर पाहत होते.

जिजीने ते पाहिले. जाळीच्या दरवाजाबाहेर उभी राहून, साडीच्या काठाचा मास्क वर सरकवत तिने हाक मारली, ‘मास्तर, कोणाचा राग येतो तुम्हाला?’

आजोबा भिंतीकडे पाहत राहिले.

‘कोणाचाच नाही?’

त्यांनी मान हलवली.

‘म्हणून तर पाय सुजले!’ ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. ‘टीचर, सकाळी चहा घेऊन बाल्कनीत या आणि समोरच्या विंगच्या भिंतीवर बघा. मास्तरांनाही घेऊन या.’

आजोबा आले नाहीत. मी गेले. सूर्य आमच्या विंगच्या मागून वर येत होता आणि आमच्या अगासीच्या कठड्याची सावली समोरच्या विंगच्या भिंतीवर पडली होती. त्या सावलीच्या कठड्यावरून दोन डोकी जात होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत मागे. एकावर टोपी होती. मग दोन्ही डोकी थांबली आणि त्यांचे हात वर गेले, खाली आले. किल्ली ज्याच्या खिशात होती तो प्रमुख आणि त्याचा मेव्हणा आमच्या डोक्यावर मोकळ्या हवेत प्राणायाम करत होते. मी चहा तसाच घेऊन आत आले आणि आजोबांना सांगितले. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या हाताची मूठ वळलेली मला दिसली.

आखाजी जवळ आली होती. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, मांडे आणि आमरस होतो. जिजीच्या गावी त्या दिवशी आणखी एक गोष्ट होई. नदीच्या अलीकडच्या काठावर एका गावच्या बायका आणि पलीकडच्या काठावर दुसऱ्या गावच्या बायका उभ्या राहत आणि एकमेकींना मनसोक्त शिव्या घालत. त्याला बार म्हणतात. त्या दिवशीच्या शिवीचा राग धरायचा नाही, हा त्याचा पहिला नियम. ‘वर्षभर सासूला, नवऱ्याला, नशिबाला जे म्हणता येत नाही, ते सगळं नदीपार फेकायचं,’ जिजी सांगायची. ‘घरी येताना अंग कसं हलकं व्हायचं! दुसऱ्या दिवशी खांदे दुखायचे.’

आखाजीच्या दिवशी संध्याकाळी तिने थाळी बडवून दोन्ही विंगच्या बायकांना बाल्कनीत बोलावले. मधला चौक म्हणजे नदी. समोरच्या विंगमध्ये मंगला होती, जिजीच्याच गावाकडची. मंगलाने कमरेला पदर खोचला आणि सुरुवात केली, ‘ए, बी-विंगवाल्यांनो, तुमची एकही भाकर फुगाव नही!’

‘तुमच्या लोणच्याला बुरशी येवो!’ आमच्या बाजूने जिजी ओरडली. ‘आणि ती पाहुण्यांसमोर दिसो!’

‘तुमची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडको, आणि आत तुमची सासू असो!’

‘आमची आहेच आत!’ कोणीतरी किंचाळले आणि दोन्ही विंग हसल्या. इतक्या दिवसांत आमच्या चौकात कोणी हसले नव्हते. बायका उड्या मारत होत्या, हात ओवाळत होत्या, कठड्यावर थाळ्या आपटत होत्या. बेकार बसलेले नवरे मागे उभे राहून ऐकत होते. मिल सुटली की जसा गलका होतो तसा तो गलका होता.

जिजीने वरून वाकून मला हाक मारली. ‘टीचर! तुमची पाळी. प्रमुखाला.’

तो पहिल्या मजल्यावर आपल्या बाल्कनीत उभा राहून मोबाइलवर हे सगळे टिपत होता. मी घसा साफ केला. ‘आपण सार्वजनिक जागेचा खासगी वापर करत आहात,’ मी म्हणाले, ‘ही अत्यंत खेदाची बाब आहे.’

वरून जिजीचा आवाज आला, ‘टीचर, हाई शिवी शे का रजाना अर्ज?’ ही शिवी आहे की रजेचा अर्ज, असे ती अहिराणीत विचारत होती.

मंगला तर खालीच बसली हसून. मीही हसले असेन. आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागून, आतल्या खोलीतून, खरखरीत आवाज आला, ‘त्याच्या पांढऱ्या कपड्यांत कच्च्या रंगाचं लुगडं पडो! आणि तो डाग सात धुण्यांत न जावो!’

आजोबा दारात उभे होते. चौकटीला धरून, दाढी वाढलेली, पाय सुजलेले. डाइंग मास्टरची शिवी होती ती. आयुष्यभर पक्का रंग देणाऱ्या माणसाने दिलेली. त्यांचा आवाज इतक्या दिवसांनी ऐकून मला रडू आले, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

‘मास्तर, बारात पुरुषांना बोलायची मनाई असते,’ जिजी वरून म्हणाली. ‘पण शिवी चांगली आहे. ठेवून घेतली.’

‘चहा कर,’ आजोबा मला म्हणाले. साखरेचे नाव काढले नाही, म्हणजे डोके ठिकाणावर होते.

प्रमुखाने ग्रुपवर संतापून लिहिले. त्याच मजकुरात पुढे त्याने नवी सूचना टाकली, की सोसायटीतील सर्व सामाईक दारे, कठडे आणि कड्या रहिवाशांनी जंतुनाशकाने धुवाव्यात. जिजीने मला ती सूचना दोनदा वाचायला लावली. ‘सर्व दारे?’ तिने विचारले. ‘सर्व,’ मी म्हणाले. ‘लिहिलंय ना तसं?’ ‘स्पष्ट लिहिलंय.’

दुसऱ्या दिवशी ती पाना आणि शिवणयंत्राचे तेल घेऊन अगासीच्या दारापाशी बसली. ‘कुलूप तोडलं तर गुन्हा होतो,’ ती म्हणाली. ‘दार धुवायला काढलं तर साफसफाई होते.’ बोल्ट गंजलेले होते. ती दात आवळून पाना फिरवत होती आणि प्रत्येक फेऱ्याला एकेकाचे नाव घेत होती. जाऊ झाली, रिक्षावाला झाला. बोल्ट हलेना. खालून पायऱ्यांवर पावले वाजली. सावकाश, थांबत थांबत, एकेक पायरी. आजोबा कठडा धरून वर येत होते. शेवटच्या पायरीवर टेकले, श्वास घेतला आणि म्हणाले, ‘आधी खालची बिजागरी सोडव. वरची आधी सोडलीस तर दार तुझ्या पायावर येईल. आणि जावेचं नाव पुरे. प्रमुखाचं घे.’

तिने घेतले. बोल्ट सुटला.

कडी, कोयंडा, कुलूप, सगळे दाराबरोबरच निघाले. जिजीने आणि मंगलाने ते लोखंडी दार खरोखरच धुतले, साबण लावून, ब्रशने घासून. मग अगासीच्या मधोमध चार विटांवर आडवे घातले. प्रमुख किल्ली हातात घेऊन वर आला तेव्हा किल्ली होती, कुलूप होते, दारही होते. फक्त ते उघडायला काही उरले नव्हते.

‘दार कोणी काढलं?’

‘तुमची सूचना होती ना, भाऊ?’ जिजी म्हणाली. ‘धुवून वाळत घातलं. वाळलं की लावते.’

संध्याकाळी त्याने माणूस पाठवला. जिजीने दारावर तळहात ठेवला आणि म्हणाली, ‘अजून ओलं आहे.’ दुसऱ्या दिवशीही ओले होते. सुरतेचा वैशाख तुम्हाला माहीत नाही. त्या उन्हात तांब्याभर पाणी ओतले तर जमिनीला लागायच्या आत वाळते. पण दार ओलेच होते. प्रमुख पोलिसांत जाईन म्हणाला, तेव्हा मी तोंड उघडले. म्हणाले, ‘अवश्य जा. समोरच्या भिंतीवर रोज सकाळी कोणाच्या सावल्या पडत होत्या, तेही आपण तिथे सांगू.’ तो गेला नाही. ती शिवी नव्हती, पण जिजी म्हणाली, ‘बरं जमलं, टीचर.’

मग आम्ही मजल्यांच्या पाळ्या लावल्या. ते काम माझे, कारण शिस्त मला आवडते. एका वेळी दोन घरे, मास्क, मध्ये अंतर. जिजी पुढे चालायची आणि विचारायची, ‘आज कोणाच्या नावाने?’ कोणी मालकाचे नाव घेई, कोणी घर सोडून गेलेल्या मुलाचे, एक बाई नुसते ‘एकटेपणाच्या’ म्हणाली. त्या नावाने पाय आपटायचा. घामाने भिजून खाली जाताना माणसांचे चेहरे वेगळे असत. आजोबा पहिल्या दिवशी एक फेरी मारू शकले. पाऊस लागेपर्यंत ते जिजीला गाठू लागले होते, आणि पायांची सूज उतरली होती. रिकाम्या हातांना काम म्हणून जिजीने त्या तापलेल्या दारावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवणाचे पापड, घातले. लोखंडावर ते इतके झकास वाळले की दार परत लावण्याचा प्रश्नच मिटला.

पुढच्या उन्हाळ्यात ती दुसरी लाट आली. जिजी मांड्यांची एक ऑर्डर पुरी करून आली आणि तिला ताप भरला. आयुष्यात पहिल्यांदाच तिचे अशाशी वैर झाले होते, ज्याच्या नावाने पाय आपटून उपयोग नव्हता. दवाखान्यातून तिचा एकदा फोन आला. दर दोन शब्दांनंतर ती थांबत होती.

‘टीचर, दार वाळलं का?’

‘नाही,’ मी म्हणाले.

‘बरं शे. मी येईपर्यंत... वाळू देऊ नका.’

ती आली नाही. आम्हाला शेवटचे पाहताही आले नाही. आजोबा त्या दिवशी अगासीवर फिरत राहिले, प्रत्येक पाऊल आपटून. कोणाच्या नावाने, ते मी विचारले नाही. प्रमुखाने ग्रुपवर फुलांचे चित्र टाकले. तेही मी विसरलेले नाही.

नील, त्यानंतरची दोन-तीन वर्षे आजोबा तुझ्याशी व्हिडिओवर बुद्धिबळ खेळले. ईरा, तुला त्यांनी हळदीने आणि बिटाने रुमाल रंगवायला शिकवला. ती वर्षे त्यांना कोणी मिळवून दिली, हे तुम्हाला माहीत असावे. पांढऱ्या बुटांच्या माणसाने नाही.

आता कापलेला भाग. टाळ्या थांबल्यावर प्रमुखाने सांगितले, की अगासीला नवे दार बसेल, त्याला कुलूप राहील, वेळा ठरतील आणि दारावर त्याच्या नावाची ही पितळी पाटी लागेल. मग दोन मजुरांना म्हणाला, ‘ते भंगार आधी उचला.’ मजूर दाराकडे निघाले. त्यावर मंगलाचे बिबडे होते. मी काठी टेकत गेले आणि दारावर तळहात ठेवला.

‘हे धुवून वाळत घातलं आहे,’ मी म्हणाले.

‘बेन, किती वर्षं झाली त्याला!’

‘अजून ओलं आहे.’

मंगला पुढे आली, तिने हात लावला. ‘ओलं आहे.’ मग पाळ्यांमध्ये चाललेली एकेक बाई आली. ‘ओलंच आहे.’ ‘चांगलं ओलं आहे.’ मजूर हसू लागले. प्रमुखाचा मेव्हणा तेवढा हसला नाही. त्याने मोबाइल बंद केला. चित्रण थांबले ते तिथे; तुम्हाला मिळाले ते टाळ्यांपर्यंतचेच.

आणि मग मी, ईरा आणि नील, बहात्तराव्या वर्षी, माझी पहिली खरी शिवी दिली. नदी नव्हती, आखाजीही होऊन गेली होती, पण आवाज चांगला लागला. ‘तुमच्या नावाच्या पाटीवर,’ मी त्याला म्हणाले, ‘आमचे बिबडे वाळोत!’

मंगलाने त्याच्या हातातली पाटी अलगद घेतली, विटेवर ठेवली आणि तिच्यावर दोन ओले बिबडे घातले.

तुमच्या बाबाला सांगा, अंगठा परत घे.

जिजी नाही, आजोबा नाहीत. अगासीला चौकट आहे, दार नाही. दार अजून ओले आहे.